काट्यावरची गणती : कोलकाता आणि मोलची गोष्ट

प्रथम वर्षाच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारते : मोल म्हणजे काय? उत्तर एका सुरात येते, "सहा पूर्णांक शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात." मग मी दुसरा प्रश्न विचारते. हा आकडा आपल्याला माहीतच नसता, तर रसायनशास्त्रातले नेमके कोणते काम अडले असते? वर्ग शांत होतो. बारावीपर्यंत मोलची गणिते सगळ्यांनी सोडवलेली असतात. त्या गणितांत हा भलामोठा आकडा खरोखर किती वेळा वापरावा लागला, हे मात्र कुणी तपासलेले नसते. फार थोड्या वेळा लागतो. "अमुक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटपासून किती ग्रॅम चुना मिळेल" या गणितात तो कुठेच येत नाही.

इतिहासात तर तो फारच उशिरा आला. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी हजारो संयुगांची सूत्रे ठरवली, कारखाने चालवले, नवी मूलद्रव्ये शोधली, आणि त्या काळात एका मोलमध्ये किती कण असतात हे खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हते. ते गणती करत होते, पण एकूण किती ते ठाऊक नव्हते. हे कसे जमत होते ते समजले, की मोलची भीती बरीचशी जाते. त्यासाठी या लेखात आपण कोलकात्याला जाणार आहोत. तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये प्रफुल्लचंद्र रे यांनी केलेली दोन कामे, एक १८९५-९६ मधले आणि दुसरे १९१२ मधले, या प्रश्नाचे दोन भाग स्वच्छ दाखवतात. पण सुरुवात प्रयोगशाळेतून नको. आधी त्याच शहरातल्या टांकसाळीत डोकावू.

(जाता जाता एक खुलासा. मराठीतला 'मोल' आणि रसायनातला 'मोल' यांचा संबंध नाही. आपला शब्द मूल्यावरून आला. तिकडचा जर्मन शब्द 'रेणू' या अर्थाच्या शब्दाचा तुकडा आहे, आणि त्याच्या मुळाशी ढीग किंवा वस्तुमान सांगणारा लॅटिन शब्द आहे. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी "पदार्थाचे मोल म्हणजे त्याची किंमत" असे लिहितो, म्हणून सांगितले.)

रुपया, तोळा आणि मण

मोजण्याच्या संख्यांना नावे देण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. केळी डझनाने, कागद दस्त्याने, भांडी कोडीने. बंगालमध्ये कवड्यांचे चलन होते तेव्हा चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण आणि सोळा पणांचा काहन अशी साखळी होती, म्हणजे एक काहन १२८० कवड्यांचा. मोल हे याच जातीचे नाव आहे, असे पाठ्यपुस्तक सांगते आणि ते बरोबरच आहे. पण या उपमेत एक गोष्ट निसटते. डझनभर केळी हाताने मोजता येतात. अणू हाताने मोजता येत नाहीत. म्हणून आपल्याला अशी गणती हवी, जी काट्यावर होते.

तशी गणती कोलकात्याला चांगली परिचयाची होती. तिथल्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप हा धातूंची पारख करणारा अधिकारी होता. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून इतिहासाचे विद्यार्थी ज्याला ओळखतात, तोच हा. वजनमापांच्या सुधारणेत त्याचा मोठा हात होता. १८३३ च्या नियमाने रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरले आणि तोच एक तोळा मानला गेला. दोन वर्षांनी १८० ग्रेनचा रुपया कंपनीच्या सगळ्या मुलखाचा रुपया झाला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. म्हणजे एक मण रुपये म्हणजे बरोबर ३२०० रुपये. आजच्या मापात तोळा ११.६६ ग्रॅम आणि मण साधारण ३७.३ किलो. (आज आपल्याकडे सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात. तो वेगळा व्यवहार.)

आता यातली गंमत बघा. रुपया १८० ग्रेनचा, अधेली ९० ची, पावली ४५ ची. काट्यावर एक मण रुपये तोलले की ३२०० नाणी. अर्धा मण अधेल्या तोलल्या की त्याही ३२००. दहा शेर पावल्या तोलल्या की पुन्हा ३२००. तीन पोत्यांची वजने वेगळी, नाण्यांची संख्या एकच. एक नाणेही बोटाने न मोजता तुम्ही तीन पोत्यांत समान संख्या भरली. त्यासाठी फक्त एकच माहिती लागली : एका नाण्याचे वजन दुसऱ्याच्या किती पट आहे. ३२०० हा आकडा माहीत नसता तरी पोती समान संख्येची झालीच असती.

मोलची सगळी कल्पना या परिच्छेदात आहे. रुपयाच्या जागी ऑक्सिजनचा अणू ठेवा, अधेलीच्या जागी दुसरा एखादा. अणुवस्तुमानाइतके ग्रॅम तोलले की समान संख्या हाती येते. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्र याच जोरावर चालले. ३२०० च्या जागी कोणता आकडा आहे, हा प्रश्न त्याला बाजूला ठेवता आला.

अर्थात नाण्यांची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते आणि तिथेच ती उपयोगीही पडते. वापरलेले रुपये झिजतात, म्हणून जुन्या नाण्यांचे पोते तोलताना सरासरी वजन धरावे लागते. अणू झिजत नाहीत, पण पाऱ्याचे सात स्थिर समस्थानिक आहेत आणि त्यांची वजने वेगवेगळी आहेत. आपण पाऱ्याचे अणुवस्तुमान २००.५९ लिहितो ती या मिश्रणाची सरासरी आहे. समस्थानिकांची कल्पना १९१३ च्या सुमारास आली. त्याआधीची सगळी विश्लेषणे या सरासरीवरच झाली आणि ती बरोबर आली, कारण निसर्गातला पारा जवळपास सगळीकडे त्याच प्रमाणात मिसळलेला मिळतो.

गच्चीवरची हाडे

प्रफुल्लचंद्र रे यांचा जन्म १८६१ चा, आजच्या बांगलादेशातल्या राडुली गावचा. एडिनबरोहून १८८७ मध्ये डी.एस्सी. घेऊन ते परतले आणि १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. अप्पर सर्क्युलर रोडवरच्या ९१ क्रमांकाच्या घरी त्यांनी औषधे आणि रसायने बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'बेंगॉल केमिकल' उभे राहिले. १९०१ मध्ये ती मर्यादित कंपनी झाली आणि पुढे माणिकतळ्याला तिचा मोठा कारखाना झाला.

सुरुवातीच्या दिवसांत सोडियम फॉस्फेट बनवण्यासाठी त्यांनी खाटकांकडून गुरांची हाडे आणवली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला, हाडे सडली, किडे पडले, कावळे जमले आणि ते हाडांचे तुकडे शेजाऱ्यांच्या घरांवर टाकू लागले. शेजाऱ्यांनी काय केले असेल याची कल्पना करता येते. हाडे तिथून हलवावी लागली. रे यांनी आत्मचरित्रात हे सगळे मोकळेपणाने सांगितले आहे.

मला हा प्रसंग त्यातल्या रसायनासाठी आवडतो. हाडांच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असते. त्यावर गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, घातले की कॅल्शियम सल्फेट खाली बसते आणि फॉस्फरिक आम्ल सुटते. सोपे म्हणून राख म्हणजे निव्वळ कॅल्शियम फॉस्फेट असे धरू. त्याच्या एका मोलचे वस्तुमान ३१० ग्रॅम. क्रिया पूर्ण होण्यासाठी एका मोलला गंधकाम्लाचे तीन मोल लागतात, म्हणजे ९८ गुणिले ३, २९४ ग्रॅम. आता काट्यावर ३१० आणि २९४ हे आकडे शेजारी ठेवा. जवळजवळ सारखे. काट्याकडेच पाहणारा माणूस म्हणेल, दोन्ही पदार्थ साधारण समसमान लागतात. गणती करणारा म्हणेल, एकास तीन. पहिल्याचे उत्तर या एका क्रियेपुरते चालून जाते. पण आम्ल बदलले, मीठ बदलले की त्याच्याकडे काहीच उरत नाही.

कारखान्यात हाच हिशोब ग्रॅमऐवजी टनात होतो. एक टन शुद्ध गंधकाम्लासाठी किती गंधक लागेल? गंधकाचा एक अणू आम्लाच्या एका रेणूत जातो, ३२ चे ९८ होतात, म्हणून एका टनाला कमीत कमी ३२७ किलो. प्रत्यक्षात थोडे जास्त, कारण थोडा वायू धुरांड्यातून निसटतोच. केमिकलच्या मुलांना पुढच्या वर्षी किलोमोल भेटेल. त्यात नवीन काही नसते, फक्त पोते हजारपट मोठे असते.

मराठी वाचकासाठी इथे थोडे थांबायला हवे. १९०१-०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कोलकात्याला राहत असताना गांधीजी त्यांच्याकडे महिनाभर मुक्कामाला होते आणि रे अगदी शेजारी राहत. गोखल्यांनी रे यांची ओळख करून देताना सांगितले की यांचा पगार महिना ८०० रुपये आहे, त्यातले ४० स्वतःसाठी ठेवून बाकीचे ते सार्वजनिक कामाला देतात. गांधीजींच्या आत्मकथेत ही नोंद आहे. टांकसाळीच्या भाषेत सांगायचे तर दहा शेर रुपयांतले अर्धा शेर घरी, साडेनऊ शेर बाहेर.

पिवळे स्फटिक

१८९५ च्या सुमारास रे यांना मर्क्युरस नायट्रेट बऱ्याच प्रमाणात हवे होते. त्याची कृती सरळ आहे : पाऱ्यावर थंड, विरल नायट्रिक आम्लाची क्रिया होऊ द्यायची. असे करताना भांड्यात पिवळे स्फटिक दिसू लागले. पहिला अंदाज असा की हे आम्लारीयुक्त मीठ असावे. पण इतक्या आम्ल द्रावणात तसले मीठ तयार होणे नेहमीच्या अनुभवाच्या विरुद्ध होते. प्राथमिक परीक्षेत पदार्थ मर्क्युरसही निघाला आणि नायट्राइटही. हे अनपेक्षित होते, कारण मर्क्युरस नायट्राइट असे टिकाऊ स्फटिकरूपात मिळेल अशी अपेक्षा नव्हती. १८९६ मध्ये हे काम एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात आले आणि लंडनच्या 'नेचर'ने त्याची दखल घेतली.

परीक्षेत नायट्राइट निघाले, एवढ्याने भागत नाही. संयुग आहे म्हणायचे तर त्याच्यात काय किती आहे ते सांगावे लागते. ते कसे सांगतात, हे आजच्या अणुवस्तुमानांनी करून पाहू. (रे यांच्या वहीतले आकडे मी इथे देत नाही. खालचे आकडे सूत्रावरून काढलेले आहेत, म्हणजे निर्दोष विश्लेषण झाले असते तर काय हाती आले असते ते.)

समजा, १०० ग्रॅम पिवळे मीठ घेतले. त्यात पारा ८१.३४ ग्रॅम, नायट्रोजन ५.६८ ग्रॅम, ऑक्सिजन १२.९८ ग्रॅम. या आकड्यांकडे नुसते बघून काय वाटते? पारा भरमसाट, नायट्रोजन नावाला. एखादा म्हणेल, पाऱ्यात थोडी अशुद्धता आहे. आता पोती मोजू. पारा ८१.३४ भागिले २००.५९, म्हणजे ०.४०५५ मोल. नायट्रोजन ५.६८ भागिले १४.००७, पुन्हा ०.४०५५ मोल. ऑक्सिजन १२.९८ भागिले १५.९९९, म्हणजे ०.८११३ मोल. एकास एकास दोन. "नावाला" दिसणारा नायट्रोजन पाऱ्याच्या बरोबरीने उभा आहे.

शेजारी नायट्रेट ठेवून पाहा. मर्क्युरस नायट्रेटात पारा ७६.३९ टक्के असतो आणि प्रमाण एकास एकास तीन येते. दोन्ही पदार्थांतल्या पाऱ्यात पाच टक्क्यांचा फरक, आणि तो फरक म्हणजे प्रत्येक पाऱ्यामागे ऑक्सिजनचा एक अणू. नवीन पदार्थ सापडला की जुन्याचाच ओलसर नमुना आहे, हा निवाडा या पाच टक्क्यांवर उभा होता. विश्लेषणात एक टक्क्याची चूक झाली असती तर निष्कर्ष डळमळला असता. रासायनिक तुला दोन-तीन दशांशांपर्यंत का वाचायची, असे प्रयोगशाळेत कुरकुरत विचारणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण देते.

आणि लक्षात घ्या, या सगळ्या हिशोबात दहाचा तेविसावा घात कुठेही आला नाही.

काटा काय सांगत नाही

इथपर्यंत सगळे सुरळीत. पण एकास एकास दोन हे प्रमाण झाले. कणात प्रत्यक्ष किती अणू आहेत? एक पारा, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन? की दोन पारा, दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन? दोन्हींत टक्केवारी तंतोतंत सारखी. कितीही चांगला काटा आणा, तो या दोहोंत फरक करू शकत नाही. ३२०० रुपयांची नाणी सुटी आहेत की दोन-दोन चिकटवून पोत्यात भरली आहेत, हे पोते तोलून कसे कळणार?

मर्क्युरस क्षारांत पाऱ्याचे अणू जोडीने असतात, याचा पुरावा १८९८ मध्ये ऑग या रसायनज्ञाने विद्युत घटांच्या मापनांतून दिला. पाऱ्याचा एकेरी आयन धरला की मापने जमत नाहीत, जोडी धरली की जमतात. पुढे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना पाहिली तेव्हा जोडी प्रत्यक्ष दिसली. म्हणून आज आपण मर्क्युरस नायट्राइटचे सूत्र दुप्पट लिहितो आणि त्याच्या एका मोलचे वस्तुमान २४६.६ न धरता ४९३.२ ग्रॅम धरतो. यातून परीक्षेत पडणारी एक नेहमीची चूक समजते. "पाच मोल मर्क्युरस नायट्राइट" हे वाक्य कण कोणता ते ठरल्याशिवाय अपुरे आहे. मोल सांगताना कशाचे मोल ते सांगावेच लागते, अणूंचे, रेणूंचे, आयनांचे की सूत्राच्या एका घटकाचे. डझनाच्या बाबतीत हे कुणी विसरत नाही. "एक डझन मोजे" म्हटले की आपण लगेच विचारतो, डझन की डझन जोड्या?

रेणू मोजण्याचा मार्ग मुळात वायूंनी दाखवला. १८११ मध्ये आव्होगाद्रो याने मांडले की समान तापमानाला व दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. हा विचार जवळजवळ पन्नास वर्षे अडगळीत पडून होता. १८५८ मध्ये कानिझारो याने त्यावरून अणुवस्तुमाने सुसंगतपणे कशी काढायची ते दाखवले आणि १८६० च्या कार्ल्सरुए परिषदेनंतर ते हळूहळू रुजले. बारकाव्यात जाण्याची इथे गरज नाही. आपल्या कामाचे एवढेच : वायूची घनता हायड्रोजनच्या किती पट ते मोजा, दुप्पट करा, रेणुवस्तुमान हाती येते. त्यासाठी पदार्थाची वाफ व्हायला हवी, आणि वाफ होताना तो मोडायला नको.

या दुसऱ्या अटीने फार घोळ घातला. नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइडची, बाष्पघनता अपेक्षेच्या निम्मी येत असे. काहींना वाटले, आव्होगाद्रोच चुकला. १८६२ मध्ये पेबाल याने दाखवले की वाफेत नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन तुकडे होतात. थंड भिंतीवर ते पुन्हा एकत्र येतात आणि पांढरा नवसागर जमतो, जणू काही झालेच नाही. एका कणाचे दोन झाले म्हणून घनता निम्मी.

आता रे यांचे १९१२ चे काम पाहू. अमोनियम नायट्राइट हा फार चंचल पदार्थ. शाळेत नायट्रोजन बनवताना आपण नवसागर आणि सोडियम नायट्राइट यांचे द्रावण तापवतो, तेव्हा तयार होणारे अमोनियम नायट्राइट लगेच नायट्रोजन आणि पाण्यात मोडते. रे यांनी अमोनियम क्लोराइड आणि सिल्व्हर नायट्राइट यांच्यापासून ते शुद्ध रूपात मिळवले. मग नीलरतन धर यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्याची बाष्पघनता मोजली.

कागद घेऊन तुम्हीही करा. या मिठाचे रेणुवस्तुमान ६४. वाफेत ते अखंड राहिले तर हायड्रोजनच्या तुलनेत बाष्पघनता ३२ यायला हवी. नवसागरासारखे दोन तुकडे झाले, १७ चा अमोनिया आणि ४७ चे नायट्रस आम्ल, तर एका मोलचे दोन मोल होतात आणि घनता १६ येते. नायट्रोजनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन असे तीन कण झाले तर घनता १०.७. वस्तुमान तिन्ही वेळा तेच ६४ ग्रॅम, कारण भांडे बंद आहे. बदलते ती फक्त कणांची संख्या. काटा इथे मुका आहे. बोलतात ते आकारमान आणि दाब.

रे यांचे म्हणणे असे की योग्य परिस्थितीत हे मीठ ६० अंश सेल्सियसच्या आसपासही विघटन न होता संप्लवन पावते. म्हणजे नायट्रोजन आणि पाणी ही तिसरी शक्यता तिथे लागू नाही. उरलेल्या दोहोंतला निवाडा नाजूक आहे. नवसागराच्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात आले असेल की थंड भिंतीवर तेच मीठ परत जमले, एवढ्याने वाफेत ते अखंड होते हे सिद्ध होत नाही. म्हणूनच संप्लवन दाखवून न थांबता घनता मोजायची खटपट करावी लागली. त्या वर्षी रे लंडनला गेले, केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हे काम वाचले आणि विल्यम रॅमसे यांनी त्यांचे अभिनंदन केले. निष्क्रिय वायू शोधणारे रॅमसे आयुष्यभर वायू तोलत आणि मोजत आले होते. इतका चंचल पदार्थ वाफेत पकडणे किती कठीण हे त्यांना सांगावे लागले नसेल.

दरम्यान आकडा सापडला

रे यांच्या या दोन कामांमध्ये सोळा-सतरा वर्षे गेली. पहिले झाले तेव्हा 'मोल' हा शब्द जेमतेम जन्मला होता. विल्हेल्म ओस्टवाल्ड याने तो १८९३ च्या सुमारास वापरात आणला. यातला विरोधाभास मला नेहमी गमतीचा वाटतो. आज आपण मोल म्हणजे कणांची संख्या असे घोकतो, आणि ज्याने हा शब्द दिला त्याचा अणूंवर विश्वासच नव्हता. त्याच्यासाठी मोल हे ग्रॅममधले एक सोयीचे वजन होते. पोती समान आहेत एवढे त्याला मान्य होते, पोत्यात नाणी आहेत हे मान्य नव्हते. आणि तरी त्याची गणिते बरोबर येत.

लोश्मिट याने १८६५ मध्येच हवेच्या रेणूचा आकार अंदाजला होता आणि त्यावरून संख्येचा अदमास मिळत होता. पण तो अदमासच. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या थरथरीवरून ही संख्या कशी काढता येईल ते लिहिले. १९०८-०९ मध्ये झाँ पेरँ याने डिंकासारख्या एका झाडाच्या चिकापासून एकसारखे बारीक गोळे बनवले, ते पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली उंचीनुसार चक्क मोजले. वर कमी, खाली जास्त, अगदी वातावरणातल्या हवेसारखे. त्यावरून आकडा निघाला तो आजच्या आकड्याच्या जवळचा, थोडा जास्त. आव्होगाद्रोचे नाव या स्थिरांकाला त्यानेच १९०९ मध्ये दिले. आव्होगाद्रोने स्वतः हा आकडा कधी काढला नव्हता. वेगवेगळ्या वाटांनी तोच आकडा येऊ लागल्यावर ओस्टवाल्डनेही अणू मान्य केले.

इलेक्ट्रॉनचा भार मोजला गेल्यावर आणखी एक सोपी वाट खुली झाली, आणि ती तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता. चांदीचा एक मोल विद्युत-लेपनाने बसवायला ९६,४८५ कूलोम लागतात. चांदीच्या प्रत्येक आयनाला एक इलेक्ट्रॉन लागतो. ९६,४८५ ला इलेक्ट्रॉनच्या भाराने, १.६०२ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, भागा. पोत्यातली नाणी हाती येतात.

म्हणजे १९१२ मध्ये रे अमोनियम नायट्राइटची बाष्पघनता मोजत होते तेव्हा 'एकूण किती' या प्रश्नाचे उत्तर प्रथमच विश्वासाने उपलब्ध झाले होते. त्यांच्या हिशोबाला मात्र त्याची तेव्हाही गरज नव्हती. त्यांना हवे होते ते एकाचे एक, दोन की तीन.

१९७१ मध्ये मोल आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत मूलभूत एकक म्हणून दाखल झाला. व्याख्या टांकसाळीच्या धाटणीची होती : कार्बन-१२ च्या ०.०१२ किलोग्रॅममध्ये जितके अणू तितके कण. आधी वजन ठरलेले, संख्या जी निघेल ती. २० मे २०१९ पासून हे उलटे झाले. आता संख्याच ठरवून दिली आहे, ६०२२१४०७६ आणि पुढे १५ शून्ये, एकही कण कमी-जास्त नाही. पाठ्यपुस्तकातला तो आकडा आता मोजलेला राहिलेला नाही, तो व्याख्येतच आहे. याची एक किंमत मोजावी लागली. कार्बन-१२ च्या एका मोलचे वस्तुमान पूर्वी व्याख्येनेच बरोबर १२ ग्रॅम होते. आता ते प्रयोगाने ठरवायचे राशी झाले आहे. ते १२ ग्रॅमच येते, पण २०१९ च्या हिशोबाने त्यातली अनिश्चितता दोन अब्जांत एका भागाच्या जवळपास आहे. तुमच्या प्रयोगशाळेतल्या तुलेला हा फरक कधीच दिसणार नाही, तेव्हा गणितात १२ च धरा.